शेजाऱ्याला २५,५००, मला ४,२५०: मदतीची यादी मागता येते का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुण कास्तकार भावाचा आहे. २०२५ च्या अतिवृष्टीत त्यांची आणि बांधशेजाऱ्याची पऱ्हाटी सारखीच गेली. दोघांचंही वावर साडेसात एकरांच्या आसपास. शेजाऱ्याच्या खात्यात २५,५०० रुपये जमा झाले, यांच्या खात्यात ४,२५०. यादी दाखवा म्हटलं, तर पटवारी म्हणाले की आता प्रायव्हसीचा कायदा आला, कोणाची रक्कम कोणाला सांगता येत नाही. भाऊ विचारतात: यादी मागायचा हक्क आहे का, कशी मागायची, आणि अख्ख्या गावाच्या रकमा भिंतीवर लावणं योग्य आहे का? यादीत त्यांच्या विधवा आत्याचंही नाव असणार, आणि आपली रक्कम चारचौघांत लागलेली तिला नको आहे.

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. त्यातली बरीचशी तहसीलच्या मदतवाटपाच्या टेबलावर गेली. याद्या केल्या, तपासल्या, चुकीच्या निघाल्या तेव्हा लोकांची बोलणीही खाल्ली. निवृत्तीनंतर गावोगावी लोकांसोबत बसून याद्या वाचतो.

भाऊ, आधी तुमच्या रकमेचा हिशेब लावू, कारण आकडाच बरंच काही सांगतो. कोरडवाहू पिकाला मदतीचा दर हेक्टरी ८,५०० रुपये होता आणि मर्यादा ३ हेक्टरची. शेजाऱ्याला ३ हेक्टरचे पुरे २५,५०० मिळाले. तुमचे ४,२५० हे बरोबर अर्ध्या हेक्टरचे आहेत. म्हणजे यादीत तुमच्या नावापुढे बाधित क्षेत्र ०.५० लिहिलेलं आहे. साडेसात एकर म्हणजे ३ हेक्टर. मग हा अर्धा आला कुठून?

तुमच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत, ते आज संध्याकाळीच पाहा. वडील गेल्यावर आई, भाऊ, बहिणी अशी सहा नावं वारस म्हणून चढली असतील, तर ३ हेक्टर भागिले ६, प्रत्येकी अर्धा हेक्टर. तसं असेल तर तुम्हाला तुमच्या हिश्श्याचे मिळाले, आणि बाकीचे पाच हिस्से आई, भाऊ, बहिणींच्या नावावर केवायसीअभावी किंवा संमतिपत्राअभावी अडकून असतील. सामायिक खात्याचा हा घोळ मी इतक्या गावांत पाहिला आहे की रक्कम कमी आली म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो. नाव एकच असेल तर पंचनाम्याकडे वळा. नुकसान ३३ टक्क्यांच्या आत असेल तर मदत मिळत नाही. तुमच्या वावराचा अर्धा हेक्टर तेवढा त्याच्या वर धरला असेल. नाल्याकाठचं वावर बसतं आणि वरच्या अंगाचं तगतं, हे घडतंही. पण मग ते पंचनाम्यात तसं लिहिलेलं दिसलं पाहिजे. आणि तिसरी शक्यता म्हणजे संगणकावर चढवताना आकडा चुकला. एक सावधगिरी: त्याच वर्षी रब्बीच्या बी-खतासाठी हेक्टरी १०,००० रुपयांची वेगळी मदत जाहीर झाली होती. शेजाऱ्याशी रक्कम ताडताना कोणती मदत, ते आधी विचारा. निम्मी भांडणं दोन वेगळ्या मदतींची तुलना केल्यामुळे होतात.

या तिन्हींतलं खरं कोणतं, ते यादी आणि पंचनामा समोर ठेवल्याशिवाय कळणार नाही. म्हणून हक्काकडे येतो.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक कार्यालयानं स्वतःहून काय काय जाहीर करायचं, त्याची जंत्री आहे. तिचा बारावा मुद्दा तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे: अनुदान कार्यक्रम कसा राबवला जातो, त्यासाठी किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हा तपशील. अर्ज येवो न येवो, हे कार्यालयाचं काम आहे.

पटवाऱ्यांनी सांगितलं ते अगदी हवेतलं नाही, पण अर्धवट आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्याच वेळी त्यातल्या कलम ४४(३) नं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे पाहावं लागे. आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं एक वाक्य तिथं होतं. दोन्ही गेलं. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हणून अर्ज परत करणं अधिकाऱ्याला सोपं झालं आहे. मी खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. माझ्या मते हा बदल गरीब माणसाच्या विरोधात गेला आहे आणि तो मागे घेतला पाहिजे.

तरीही तीन गोष्टी जागच्या जागी आहेत. कलम ४ ला हात लागलेला नाही. कलम ८(२) कायम आहे: माहिती उघड करण्यातलं सार्वजनिक हित त्यातून होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर ती देता येते. आणि नव्या डेटा कायद्याचंच कलम ३ सांगतं की दुसऱ्या एखाद्या कायद्यानं जी माहिती जाहीर करणं बंधनकारक केलं आहे, तिला हा कायदा लागू नाही. लाभार्थ्यांचा तपशील जाहीर करणं कलम ४ नं बंधनकारक केलं आहेच. पटवाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांनी बैठकीत जे ऐकलं ते तुम्हाला सांगितलं. अर्ज तहसीलला करा आणि त्यात या तिन्ही कलमांचा उल्लेख करा. तुमच्या स्वतःच्या पंचनाम्याची नक्कल मागताना तर प्रायव्हसीचा प्रश्नच येत नाही.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. यादी लागते की नाही, यापेक्षा ती कधी लागते हे महत्त्वाचं आहे. पैसे वाटून झाल्यावर लागलेली यादी भांडणं लावते. वाटपाआधी लागलेली यादी चुका दुरुस्त करते.

२००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती, आणि वरच्याला ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. आपल्याकडे कोरडवाहू जमीन एकरांनी जास्त आणि पिकायला कमी, त्यामुळे पाच एकराच्या रेषेनं वऱ्हाडातले कितीतरी गरजू कास्तकार बाहेर राहिले. ते धोरणाचं झालं. पण अंमलबजावणीत काय झालं, ते महालेखापरीक्षकांच्या अहवालातून २०१३ ला कळलं. त्यांनी ९०,५७६ खाती तपासली. त्यातल्या २२ टक्क्यांहून जास्त खात्यांत चुका निघाल्या. पात्र माणूस राहून गेलेला, अपात्राला मिळालेलं, असं सगळं त्यात होतं. पाच वर्षांनी. ज्याचं नाव राहिलं तो तोवर सावकाराच्या दारातून दोनदा जाऊन आला असेल.

याउलट डिसेंबर २०१९ ला जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना पाहा. त्यात याद्या विशिष्ट क्रमांकासह आधी गावात आणि बँकेत लागल्या. शेतकऱ्यानं सेवा केंद्रावर जाऊन आधार पटवायचं, पडद्यावर कर्जाची रक्कम पाहायची, मान्य असेल तर मान्य म्हणायचं, नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार. त्या योजनेबद्दलही माझ्या तक्रारी आहेत, विशेषतः नियमित फेड करणाऱ्यांना थांबावं लागलं त्याबद्दल. पण क्रम बरोबर होता: आधी यादी, मग हो किंवा नाही, मग पैसे. अतिवृष्टीच्या मदतीत आता व्हीके नंबरची, म्हणजे विशिष्ट क्रमांकाची, यादी येते, पण ती बहुतेक वेळा ‘केवायसी करा’ एवढं सांगायला येते. बाधित क्षेत्र बरोबर आहे का, असं शेतकऱ्याला कोणी विचारत नाही.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एका गावाची नुकसानीची यादी आमच्या कार्यालयानं चावडीवर चिकटवली. आठवडाभरात एकही हरकत आली नाही. आम्हाला वाटलं, यादी शुद्ध आहे. पैसे सोडण्याच्या दोन दिवस आधी मी दुसऱ्याच कामानं त्या गावी गेलो आणि सहज म्हटलं, डोंडी द्या, लोक जमवा, यादी वाचू. कोतवालानं नाव, गट नंबर, क्षेत्र असं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अर्ध्या तासात चार चुका निघाल्या. एकाचे २.०० हेक्टर ०.२० झाले होते. एक माणूस वारला होता. एकाची जमीन कालव्यात जाऊन कित्येक वर्षं झाली होती, तरी तिच्यावर पीक दाखवलं होतं. आणि एका बाईचं वावर पूर्ण बुडालं होतं, पण वारसाचा फेरफार मंजूर व्हायचा होता म्हणून तिचं नावच नव्हतं. ती मागच्या ओळीत बसली होती. शेवटचं नाव वाचून झालं तेव्हा उठून इतकंच म्हणाली, “माह्यं नाही आलं.” कागद आठवडाभर भिंतीवर होता, तिला वाचता येत नव्हतं. ०.२० ची चूक माझ्याच टेबलावरून गेली होती, हेही सांगितलं पाहिजे.

त्या दिवसापासून मी धरून बसलो आहे की खरी गरज ‘माह्यं नाही आलं’ म्हणणाऱ्यांच्या यादीची आहे. ज्यांना मिळालं त्यांची यादी चोर पकडायला कामाची. ज्यांना मिळालं नाही त्यांची, कारणासकट, कुठंच लागत नाही. ‘नुकसान ३३ टक्क्यांच्या आत’, ‘फेरफार प्रलंबित’, ‘सामायिक खाते, संमती नाही’, ‘आधार बँकेला जोडलेले नाही’ असं एका ओळीत लिहिलं तरी निम्मे हेलपाटे वाचतील. यातलं शेवटचं कारण तर फार फसवं आहे. पैसे तुम्ही दिलेल्या पासबुकाच्या खात्यात जात नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. कधीकाळी कुणीतरी मेळाव्यात दुसऱ्या बँकेचं खातं काढून दिलं असेल, तर पैसे तिथं जाऊन पडतात आणि माणूस वर्षभर तहसीलच्या पायऱ्या झिजवतो.

यादीनं सगळंच कळतं असंही नाही. पीएम किसानमध्ये वर्षाला ६,००० रुपये मिळतात, आयकर भरणाऱ्याला मिळत नाहीत. माहिती अधिकाराखाली केंद्र सरकारनं दिलेल्या उत्तरातून २०२१ च्या सुरुवातीला समोर आलं की २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले होते, आणि अशी संख्या जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. त्या योजनेची गावनिहाय यादी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येत होती. तरी गावाला ते कळलं नाही, कारण कोण आयकर भरतो हे गावाला ठाऊक नसतं. ते संगणकानं दोन याद्या जुळवूनच कळतं. गावाला ठाऊक असतं ते वेगळं: वावर कोण वाहतो, कोणाचं बुडालं, कोण मेलं, कोणाची विहीर कागदावरच आहे.

इथं मक्त्याचा विषय येतो. यादीत सातबाऱ्यावरचा मालक असतो. तो नागपूर-पुण्याला नोकरीला, वावर मक्त्यानं किंवा बटईनं दुसऱ्याला दिलेलं. बियाणं, खत, फवारणी सगळं मक्तेदाराचं, नुकसानही त्याचंच, मदत मालकाच्या खात्यात. यादीत एकही चूक नसताना अन्याय होतो. तोंडी मक्त्याला कागद नाही, म्हणून तहसीलदारही काही करू शकत नाही. निदान मक्ता ठरवतानाच ‘मदत आली तर कोणाची’ हे ठरवून घ्या आणि एका कागदावर दोघांच्या सह्या करा.

आणि भाऊ, अतिवृष्टीच्या ४,२५० वर गाव जितकं भांडतं, तितकं मोठ्या अनुदानांवर भांडत नाही. ट्रॅक्टरला लहान, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला सव्वा लाखापर्यंत अनुदान आहे. ठिबकला राज्याचं पूरक अनुदान धरून लहान शेतकऱ्याला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मिळतात. शेततळी, शेडनेट वेगळी. नावं मोजकी आणि रकमा मोठ्या, तिथं यादी वाचायला कोणी बसत नाही. एकाच घरात वेगवेगळ्या नावांनी तीन-तीन लाभ गेल्याचं मी पाहिलं आहे. कधी ते नियमात बसतं, कधी नाही, पण गावाला माहीत असायला हवं. रोजगार हमीच्या मजुराचं नाव, किती दिवस काम केलं, किती मजुरी मिळाली, हे सगळं संकेतस्थळावर उघडं आहे. उन्हात माती उचलणाऱ्या बाईच्या मजुरीचा हजेरीपट जगाला दिसतो, तर सव्वा लाखाच्या ट्रॅक्टरचा लाभार्थी गावाला का दिसू नये? महाडीबीटीच्या, म्हणजे या अनुदानांचे अर्ज जिथं भरतात त्या राज्याच्या संकेतस्थळाच्या, याद्या काढून त्या ग्रामसभेत वाचायला मागा.

आता आत्याबाईंचं. त्यांची अडचण मी हलकी धरत नाही. विधवा बाईच्या खात्यात पैसे आले हे कळलं की उसने मागणारे, जुनी उधारी काढणारे दारात येतात. वर फसवणारेही आहेत. ‘पीएम किसान’च्या नावानं व्हॉट्सॲपवर फाईल पाठवून, ती उघडली की खातं रिकामं करणारे. म्हणून यादीत काय असावं आणि काय नसावं, याबद्दल आग्रह धरा. नाव, गट नंबर, एकूण क्षेत्र, बाधित क्षेत्र, पीक, रक्कम, एवढं पुरे. मोबाईल नंबर नको, खाते क्रमांक नको, जात किंवा वैधव्य दाखवणारा रकाना नको. आधार क्रमांक तर मुळीच नको. तो जाहीर लावायला आधार कायद्याच्या कलम २९ नंच मनाई केली आहे. कुठं लागलेला दिसला तर तिथल्या तिथं काढायला लावा.

नावच वगळावं का? युरोपात हा वाद न्यायालयात गेला होता. तिथं शेती अनुदान घेणाऱ्यांची नावं आणि रकमा संकेतस्थळावर येत. जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी हरकत घेतली आणि ९ नोव्हेंबर २०१० ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की रक्कम लहान की मोठी, याचा विचार न करता सरसकट व्यक्तींची नावं छापणं प्रमाणाबाहेर आहे. पुढं २०१३ च्या नियमात नावं परत आली, पण १,२५० युरोपर्यंतच्या लहान रकमांना नाव झाकायची सोय ठेवून. मोठ्या रकमेला नाव उघडं आणि लहान रकमेला आडोसा, हे तत्त्व मला पटतं. पण आपल्याकडच्या अतिवृष्टीच्या यादीला ते जसंच्या तसं लावता येत नाही. तिथली लहान रक्कम आणि इथली लहान रक्कम यांचं काम वेगळं आहे. इथं नाव झाकलं तर ‘माह्यं नाही आलं’ म्हणणाऱ्या बाईलाच कळणार नाही की आपलं राहिलं. तुमचंच पाहा: शेजाऱ्याचा आकडा कळला म्हणून तुम्हाला तुमचा आकडा खटकला. आत्याबाईंना सांगा, ही भीक नाही. बुडालेल्या पिकाची मदत आहे आणि त्यांच्या बरोबरीनं गावातल्या पाटलाचंही नाव त्याच कागदावर आहे. तरीही त्यांना नकोच असेल, तर यादी वाचताना त्यांची रक्कम न वाचता नाव आणि क्षेत्र एवढंच वाचा. क्षेत्र कळलं की चूक कळते.

अर्जाचं आता. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून गाऱ्हाणं त्यात लिहू नका. असं लिहा: “मौजा अमुक, तालुका अमुक येथील २०२५ च्या खरिपातील अतिवृष्टी मदतीबाबत पुढील कागदांच्या नकला मिळाव्यात. १) मंजूर लाभार्थ्यांची यादी: नाव, गट क्रमांक, एकूण क्षेत्र, बाधित क्षेत्र, पीक, रक्कम. २) अपात्र अथवा प्रलंबित खातेदारांची यादी, कारणासह. ३) माझ्या गट क्रमांकाचा पंचनामा. आधार, बँक खाते व मोबाईल क्रमांक वगळून द्यावे. ही माहिती कलम ४(१)(ख)(बारा) खाली स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असून कलम ८(२) नुसार तीत सार्वजनिक हित आहे. डेटा संरक्षण कायद्याचे कलम ३ पाहावे.” आधार वगळून द्या, हे आपणच लिहिलं की नकाराचं मोठं कारण निघून जातं.

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नको. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या तिकिटावर. तिथंही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. तुमच्या जिल्ह्यासाठी अमरावती खंडपीठ. आयोगात वेळ लागतो, पण पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच बरीच प्रकरणं मिटतात. सुनावणीला स्वतः जा आणि सातबारा सोबत न्या. जिल्हा कार्यालयात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कागद पाहू देण्याचा २०१८ चा शासन निर्णय आहे, त्याचाही उपयोग करा. पाहून आलं की नेमकी कोणती पानं मागायची ते कळतं.

यादी हातात आल्यावर ती व्हॉट्सॲपवर टाकायची घाई करू नका. गावाचा नमुना ८-अ, म्हणजे सगळ्या खातेदारांची नोंदवही, शेजारी ठेवा आणि आधी ८-अ मधलं नाव पाहून मग यादीत शोधा. उलटं केलं तर राहिलेलं नाव कधीच सापडत नाही. खुणा करून झाल्या की ग्रामसभेची नोटीस निघण्याआधी ‘मदत यादी वाचन’ हा विषय सचिवांकडे लेखी द्या, म्हणजे तो ऐनवेळच्या विषयांत शेवटी ढकलला जाणार नाही. वाचायला खणखणीत आवाजाचा माणूस घ्या. प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबायला सांगा, आणि मागच्या ओळीतल्या बायांना पुढं बसवा.